चाळिशीत कराटे शिकताना

नागपुरात कराटेचे वर्ग प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी भरतात. शाळांची पटांगणे, वस्त्यांमधली समाजभवने आणि बागांमधल्या मोकळ्या जागा संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातल्या मुलांनी भरून जातात आणि त्यांचे पालक कडेला दुचाकी लावून तासभर थांबतात. त्रिमूर्तीनगरच्या बाजूला माझी मुलगी ज्या वर्गाला जात असे, तेथे मीही अशीच थांबत होते. चाळिशी जवळ आली होती, रक्तदाब किंचित वाढलेला होता आणि डॉक्टरांनी नियमित व्यायामाचा आग्रह धरला होता. "ताई, रोज येताच आहात, तर मागच्या रांगेत उभ्या राहा ना," असे सरांनी सुचवले आणि मी उभी राहिले. त्यानंतरच्या काही वर्षांत दोन शैलींचा सराव झाला, आणखी काही शैली जवळून पाहता आल्या आणि मधल्या काळात गुडघ्याच्या दुखण्याने बरेच काही शिकवले. मोठ्या वयात सुरुवात करू पाहणाऱ्यांना आणि आपल्या मुलांसाठी वर्ग निवडणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे तपशीलवार लिहीत आहे.

पहिल्याच दिवशी सरांनी बांगड्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढून ठेवायला सांगितली. बांगड्या आणि मंगळसूत्राचे कारण उघड होते. जोडव्यांचे कारण सराव सुरू झाल्यावर पटले. कराटेमध्ये अनवाणी पाऊल जमिनीला जवळजवळ घासत पुढे न्यावे लागते आणि जोडवे मॅटच्या फटीत अडकले, तर बोट मुरगळते. काही जणी त्यावर चिकटपट्टी गुंडाळून भागवतात, परंतु माझ्या मते तेवढ्या वेळापुरती ती काढून ठेवणेच बरे. नखे कापलेली असणे हा दुसरा नियम, आणि तो हातांइतकाच पायांनाही लागू होता.

हा वर्ग शोतोकान शैलीचा होता. ओकिनावा बेटावरचे गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे तेथील विद्यापीठांमधून तिचा प्रसार केला. शोतोकान ही त्यांच्या परंपरेतून उभी राहिलेली शैली. तिचे पवित्रे लांब आणि खोल असतात. ही लांबी ओकिनावाच्या मूळ पद्धतीत इतकी नव्हती. फुनाकोशींचे चिरंजीव गिगो यांच्या प्रभावाखाली ती वाढली, असे मानले जाते. वीस वर्षांच्या मुलाच्या मांड्यांना असा पवित्रा बळ देतो. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या चाळिशीच्या बाईला मात्र तो सावकाश कमवावा लागतो.

सरांनी फरशीवर खडूने खांद्यांइतक्या अंतरावर दोन समांतर रेघा ओढल्या आणि एक पाय एका रेघेवर, दुसरा पाय दुसऱ्या रेघेवर ठेवून मला झेनकुत्सु-दाची हा पुढे झुकणारा पवित्रा घ्यायला लावला. यात पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ आणि शरीराचा जास्त भार पुढच्या पायावर असतो. नवशिक्या विद्यार्थ्याचे दोन्ही पाय हळूहळू एकाच रेषेत येतात. मग तोल जातो आणि तो सावरण्यासाठी पुढचा गुडघा आत कलतो. सर खाली बसून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर बोट ठेवत आणि तेथून सरळ खाली पायाच्या दुसऱ्या बोटापर्यंत हवेत रेघ ओढत. "ताई, ही रेघ मोडली की गुडघा गेला, असे समजा," हे त्यांचे वाक्य मी सरावाच्या पहिल्या महिन्यांत फार वेळा ऐकले.

तरीही काही महिन्यांनी जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. रामदासपेठेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आरशासमोर एका पायावर उभे करून थोडे खाली वाकायला सांगितले. मी वाकताच गुडघा आत वळला आणि त्याबरोबर कंबरेची एक बाजूही खाली झुकली. त्यांनी समजावले की दुखणे गुडघ्यात असले, तरी त्याचे मूळ नितंबाच्या बाजूच्या स्नायूंमध्ये आहे. मांडीला बाहेरच्या बाजूने धरून ठेवणारे हे स्नायू दुबळे असतील, तर भार येताच मांडी आत फिरते आणि वाटी आपल्या खाचेतून तिरकी सरकू लागते. त्यांनी कराटे बंद करायला सांगितले नाही. पवित्रा उथळ करा, उड्या आणि उंच लाथा काही आठवडे थांबवा आणि रोज हे व्यायाम करा, एवढेच सांगितले. कुशीवर पडून वरचा गुडघा उघडणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि बुटक्या पायरीवरून अगदी सावकाश एक पाय खाली टेकवणे, असे ते व्यायाम होते. दिसायला किरकोळ असले, तरी गुडघा त्यांनीच सावरला, आणि आजही वर्गापूर्वी मी ते करते.

सरांनी त्या काळात जे केले, ते प्रत्येक प्रशिक्षकाने करावे असे मला मनापासून वाटते. त्यांनी माझ्यापुरता पवित्रा आखूड केला, परंतु त्याची रचना जराही ढिली होऊ दिली नाही. खोली कमी चालेल, गुडघ्याची दिशा चुकलेली चालणार नाही, असा त्यांचा दंडक होता. त्याच काळात इतर तंत्रांतही बिनचूकपणा आणि दुखापत टाळणे या दोन गोष्टी किती एकत्र नांदतात, हे लक्षात येत गेले. सरळ लाथ, म्हणजे माए-गेरी, हवेत मारताना पाय झटक्याने पूर्ण ताठ झाला, तर लक्ष्याचा अडथळा नसल्यामुळे तो सगळा झटका गुडघ्याचा सांधाच झेलतो. म्हणून पाय ताठ होण्याच्या किंचित आधी परत ओढायचा असतो, आणि लाथेचा वेगही त्या परत ओढण्यातच दिसतो. हवेत ठोसा मारताना कोपराचेही तसेच. गोल फिरणाऱ्या मावाशी-गेरीत जमिनीवरचा पाय टाचेसह वळला नाही, तर कंबर फिरते आणि गुडघा जागच्या जागी पिळला जातो. मूठ वळताना चारही बोटे तळहातात घट्ट मिटून अंगठा त्यांवरून बाहेर दाबायचा, मनगट सरळ ठेवायचे आणि आघात तर्जनी व मधल्या बोटाच्या गाठींवर घ्यायचा. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला, तर तिच्यामागचे तळहाताचे बारीक हाड मोडण्याचा धोका असतो, कारण त्या बाजूच्या हाडांना मनगटाचा तसा भक्कम आधार नसतो.

पुढे आम्ही घर बदलले आणि नव्या घराजवळ जो वर्ग होता, तो गोजू-र्यू शैलीचा निघाला. ओकिनावाच्या नाहा शहरातले कानर्यो हिगाओन्ना हे या परंपरेचे गुरू आणि त्यांचे शिष्य चोजुन मियागी (१८८८–१९५३) हे शैलीचे संस्थापक. शोतोकानमध्ये मी लांबून झेपावायला शिकले होते. येथे जवळ उभे राहून, आखूड पवित्र्यात, समोरच्याचा हात धरून किंवा वळवून काम करायचे होते. सुरुवातीला मला हे दोन वेगवेगळे खेळच वाटले. मागे सरकून अंतर ठेवण्याची सवय नव्या सरांच्या जोडीदार-सरावात आड येई. मी मागे गेले की ते तेवढेच पुढे येत आणि माझे कोपर आपल्या तळहाताने अडवून ठेवत.

या शैलीचा गाभा सांचिन हा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका, आहे. त्यात उड्या नाहीत, लाथा नाहीत, वेग तर नाहीच. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, बोटे किंचित आत, गुडघे सैल वाकलेले, माकडहाड खाली ओढलेले, अशा उभे राहण्यात अर्धचंद्राकार पावले टाकत, संपूर्ण शरीराचे स्नायू आवळून, ऐकू येईल असा श्वास सोडत ठोसे मारायचे असतात. सर मागून येऊन दोन्ही तळहात खांद्यांवर टाकतात, मग पाठीच्या स्नायूंवर, मग मांड्यांवर दाब देऊन पाहतात. खांदे वर चढलेले असतील, तर त्या दाबाने शरीर लगेच डगमगते. काखेखालचे स्नायू नीट आवळलेले असतील, तर हात टेकल्यासारखा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही चापट वाटते आणि काही वर्गांत ती खरोखरच फटक्यांपर्यंत जाते. आमचे सर दाब देतात, मारत नाहीत, आणि या तपासणीला तेवढे पुरेसे असते.

सांचिनच्या बाबतीत माझ्या रक्तदाबाचा प्रश्न गंभीर होता. स्नायू आवळलेले असताना श्वास कोंडला, तर छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम उसळी घेतो. जड वजन उचलताना श्वास रोखल्यावर होते, तेच येथेही होते. मी डॉक्टरांना काता प्रत्यक्ष करून दाखवला. त्यांनी परवानगी दिली, परंतु श्वास एक क्षणही अडवायचा नाही, आवळणे निम्म्या ताकदीने ठेवायचे, आणि डोके भरल्यासारखे किंवा डोळ्यांसमोर अंधारल्यासारखे वाटले तर तिथेच थांबायचे, या अटींवर. सरांनी त्या अटी जशाच्या तशा मान्य केल्या. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू आहे, त्यांनी हा काता डॉक्टरांना न विचारता शिकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रक्तदाबाच्या रुग्णांना मी तेन्शो हा मियागींनीच रचलेला काता अधिक जवळचा मानते. त्यात उघड्या तळहातांच्या गोलाकार हालचाली आहेत आणि श्वासाचा ओघ सहज कळतो.

दोन शैली शिकल्यानंतर इतर शैली पाहण्याची दृष्टी बदलली. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात स्पर्धा पाहायला गेले असताना एकच काता दोन मुलींनी वेगवेगळा केलेला दिसला. तो काता आंको इतोसु (१८३१–१९१५) यांच्या मालिकेतला. त्यांनी ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेले आणि विद्यार्थ्यांसाठी पिनान नावाचे पाच काता तयार केले. फुनाकोशींनी त्यांना हेइआन हे नाव दिले आणि पहिल्या दोघांचा क्रमही बदलला. त्यामुळे शितो-र्यूच्या मुलीने 'पिनान शोदान' म्हणून जो काता केला, तोच शोतोकानच्या मुलीने 'हेइआन निदान' म्हणून केला. पहिली ज्या ठिकाणी सरळ लाथ मारत होती, तिथे दुसरी बाजूला लाथ मारत होती. पहिली मांजरासारखी मागच्या पायावर बसलेल्या आखूड पवित्र्यात होती, तर दुसरी लांब पसरलेल्या. बाजूच्या लाथेला नितंबाच्या सांध्याची मोकळीक लागते, आणि ती नसलेला माणूस कंबर वाकवून लाथ उंच नेतो, हे मी स्वतःच्या शरीरावरून ओळखू शकले.

शितो-र्यूचे संस्थापक केन्वा माबुनी (१८८९–१९५२) हे इतोसु आणि हिगाओन्ना या दोघांचेही शिष्य असल्यामुळे त्यांच्या शैलीत दोन्ही धारा एकत्र येतात आणि कातांची संख्याही मोठी आहे. हिरोनोरी ओत्सुका (१८९२–१९८२) आधी जुजुत्सु, म्हणजे पकड आणि झटापटीची जपानी विद्या, शिकलेले होते. त्यांच्या वादो-र्यूमध्ये पवित्रे उंच आणि आखूड आहेत आणि आघात अडवण्यापेक्षा शरीर बाजूला काढण्यावर भर आहे. गुडघे दुखणाऱ्या प्रौढ माणसाला मी कोणतीही शैली सुचवायची झाली, तर वर्ग जवळ असल्यास याच दोहोंपैकी एक सुचवेन. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, महिलांच्या काता प्रकारात सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पेनच्या सांद्रा सांचेझ त्या वेळी ३९ वर्षांच्या होत्या आणि शितो-र्यूचा सराव करणाऱ्या होत्या. हे माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी आवर्जून सांगते.

क्योकुशिन मी शिकले नाही, परंतु एका ओळखीच्या मुलाचा वर्ग अनेकदा पाहिला. मासुतात्सु ओयामा (१९२३–१९९४) यांनी शोतोकान आणि गोजू-र्यू या दोन्हींचे शिक्षण घेतल्यावर ही पूर्ण आघाताची शैली घडवली. चेहऱ्यावर हाताने मारण्यास बंदी, परंतु छाती-पोटावर हातमोज्यांशिवाय मुठींचे ठोसे, मांडीवर लाथा आणि डोक्यावरही लाथा, असे तिचे नियम. मी पाहिला तो वर्ग अत्यंत शिस्तीचा होता. नवीन मुलांना कितीतरी महिने फक्त जोडीदाराने धरलेल्या गादीच्या ढालीवर मारायला लावत. कठोर शैली म्हणजे धोकादायक वर्ग, असे समीकरण मांडणाऱ्यांनी असा वर्ग एकदा पाहावा.

याउलट, ज्याला पारंपरिक आणि सौम्य म्हणवले जात होते, अशा एका वर्गात मी मुलीला घेऊन चौकशीला गेले होते आणि तिथे पाहिलेले दृश्य अजून अस्वस्थ करते. सात-आठ वर्षांची मुले भिंतीशी पाय फाकवून बसवलेली होती आणि एक मोठा मुलगा त्यांच्या खांद्यांवर भार देऊन त्यांना खाली दाबत होता. एक मुलगी रडत होती. त्यानंतर सिमेंटच्या जमिनीवर मुठींवर दंड काढायला लावले. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर असतो. बोटांच्या आणि मनगटाच्या त्या थराला वारंवार मार बसणे धोक्याचे असते. लवचीकता दुसऱ्याच्या वजनाने येत नाही. गरम झालेल्या शरीराने, वर्गाच्या शेवटी, स्वतःच्या ताब्यात ताण देऊन ती सावकाश येते. आम्ही तेथे नाव घातले नाही.

जोडीदाराबरोबरचा सामना, म्हणजे कुमिते, हा सगळ्यांना उत्सुकतेचा आणि पालकांना भीतीचा भाग. आमच्या वर्गात प्रथम ठरलेला हल्ला आणि ठरलेला बचाव असतो आणि त्यात ठोसा समोरच्याच्या हनुवटीपासून दोन बोटे अलीकडे थांबवायचा असतो. ही मर्यादा पाळण्यासाठी पाऊल, कंबर आणि कोपर एकाच क्षणी थांबावे लागतात. जो माणूस केवळ हात आखडून थांबतो, त्याच्याकडून दमल्यावर हमखास मार बसतो. म्हणून सर खुल्या सामन्याच्या आधी प्रत्येकाला दमवतात आणि मग पुन्हा ठरलेला सराव करायला लावून अंतर टिकते का, ते पाहतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. दातांचा गार्ड, नडगीचे गार्ड, हातमोजे, मुलांना जननेंद्रियांचे आणि मुलींना छातीचे संरक्षण, याशिवाय खुला सामना होत नाही.

एकदा दहावीतल्या एका मुलाच्या गालफडावर लाथ लागली. तो पडला नाही, हसतच उभा राहिला, पण गुण किती झाले हे त्याने लागोपाठ दोनदा विचारले. सरांनी तिथेच त्याला बसवले, गार्ड काढले, पालकांना बोलावून रुग्णालयात पाठवले आणि तो कितीही विनवण्या करत असला, तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर येऊ दिले नाही. मेंदूला हादरा बसल्यावर शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. गोंधळ, डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, एवढीही लक्षणे पुरेशी असतात, आणि तो भरून येण्याआधी दुसरा मार लागला तर परिणाम फार गंभीर होऊ शकतो. डोक्यावरचे शिरस्त्राण जखमा आणि खोक पडणे टाळते, हादरा पूर्णपणे टाळत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर तो मुलगा आधी नुसते चालणे, मग धावणे, मग काता, मग ढालीवर मारणे, अशा पायऱ्यांनी परतला; सामन्याला तो सर्वांत शेवटी उभा राहिला.

नागपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय येथील सरावाचे वर्णन पूर्ण होणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर सकाळी आठलाच ऊन सोसवत नाही. आमचा वर्ग तेव्हा पहाटे साडेपाचला भरतो, जाड गणवेशाऐवजी सुती टी-शर्टला परवानगी असते आणि ठरावीक वेळाने पाणी पिणे सक्तीचे असते. पूर्वी तहान सहन करणे ही शिस्त मानली जाई. ही समजूत येथील हवेत प्राणघातक ठरू शकते. घाम फार गेला, तर नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस किंवा मीठ-साखरेचे लिंबूपाणी घ्यावे. पायात गोळे येणे ही पहिली सूचना. चक्कर आणि मळमळ ही दुसरी. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. दिवाणखान्याएवढ्या सभागृहात संध्याकाळचा वर्ग असेल, तर कूलर लावतात. त्याच्या समोरची फरशी तुषारांनी ओलसर होते आणि नेमक्या त्याच गार जागी सगळी मुले उभी राहू पाहतात. मावाशी-गेरीत टेकलेला पाय तिथे सहज घसरतो. आमचे सर त्या पट्ट्यावर खडूची रेघ मारून पलीकडे कोणालाही उभे राहू देत नाहीत.

पावसाळ्यात त्रास वेगळा. ओले गार्ड एकमेकांचे वापरले की गजकर्ण सगळ्या वर्गात फिरते. त्यामुळे प्रत्येकाचे गार्ड स्वतंत्र, गणवेश दर वेळी धुतलेला आणि मॅट सरावानंतर पुसलेली, हे नियम पाळावे लागतात.

पट्ट्यांविषयी थोडेच लिहिते. पट्टे आणि दान (काळ्या पट्ट्यापासून पुढच्या श्रेणी) ही पद्धत कराटेत जिगोरो कानो यांच्या ज्युडोतून आली. फुनाकोशींनी ती स्वीकारली आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले दान दिले. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि दर परीक्षेला शुल्क, असा क्रम जिथे असतो, तिथे मुलाचा पट्टा त्याच्या शरीराच्या तयारीपुढे धावतो आणि वरच्या पट्ट्याचे सामने त्याच्या वाट्याला लवकर येतात. शैली बदलल्यावर माझा शोतोकानचा पट्टा नव्या सरांनी मान्य केला नाही आणि मला पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करायला लावली. ते योग्यच होते, कारण सांचिनचा श्वास मला येत नव्हता.

सध्या मी साइफा हा काता शिकत आहे. त्यात एका पायावर उभे राहून, दुसरा गुडघा छातीशी घेऊन, तिथूनच सरळ लाथ मारायची असते, आणि मग तेच दुसऱ्या पायावर. उजव्या पायावर उभी राहते तेव्हा सर अजूनही गुडघ्याच्या वाटीकडे पाहतात. लाथ कमरेच्या खाली ठेवण्याची मुभा त्यांनी मला दिली आहे. डाव्या पायावर ती आता कमरेपर्यंत जाते, उजव्यावर जात नाही, आणि तेथे पोहोचेपर्यंत पायरीवरचा तो व्यायाम चालू ठेवायचा, असे आमचे ठरले आहे.